शहादेवची तपासणी

शहादेव एस.टी.त चढायच्या आधी टायर बघतो. वाकतो, चपलेच्या टोकानं दाबतो, आणि मग ड्रायव्हरकडे अशा नजरेनं बघतो की त्या बिचाऱ्याला वाटावं आपली परीक्षाच चालू आहे. दिंद्रुडच्या स्टँडवर मी हा प्रकार निदान पन्नास वेळा पाहिला आहे आणि पन्नासही वेळा माझं डोकं फिरलं आहे. मागं माणसं खोळंबलेली, ऊन डोक्यावर, आणि हा गडी टायर दाबतोय. त्याची बायको ताराबाई सांगते की लग्नाच्या दिवशी मांडवात पाय ठेवायच्या आधी नवरदेवानं मेढ, म्हणजे आधाराचा खांब, हलवून बघितली होती. वऱ्हाड हसलं, पण मेढ खरंच ढिली निघाली म्हणे.

असा हा माणूस आमच्या उपसा सिंचन सोसायटीचा वायरमन होता, आणि मी त्या सोसायटीचा चेअरमन. धरणाच्या फुगवट्यातून पाणी उचलायचं आणि चार गावच्या रानात टाकायचं, एवढंच सोसायटीचं काम. लोक मला आप्पा म्हणतात. चेअरमन म्हणून मी पंधरा वर्षं काढली. त्यातली निम्मी भांडणं मिटवण्यात आणि निम्मी भांडणं लावण्यात गेली, हे मी आधीच कबूल करतो.

शहादेवचं घर ऊस तोडणाऱ्यांचं. दिवाळी झाली की भांडीकुंडी बैलगाडीवर टाकायची, घराला कुलूप लावायचं आणि कारखान्याची वाट धरायची. विशीपर्यंत त्यानं कोयता चालवला. एका हंगामात कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्याला केबल ओढायला माणसं कमी पडली, तेव्हा हा गेला, आणि तिथल्या फोरमनला त्याच्या हातातली सावधगिरी आवडली. सहा हंगाम तो तिथंच राहिला. आमची सोसायटी निघाली तेव्हा दीड एकर रानाच्या जोरावर तो सभासद झाला आणि अंगातल्या इलमाच्या जोरावर वायरमन. तेव्हापासून पंपहाउसची किल्ली त्याच्या करगोट्याला.

दुसऱ्याचं काम दिसतं, वायरमनचं दिसत नाही. काही बिघडलं तरच तो दिसतो. शहादेव पंचवीस वर्षं कुणाला दिसला नाही, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला सुचत नाही. त्याचं लॉगबुक मात्र बघण्यासारखं. लाइट किती वाजता आली, किती वाजता गेली, मोटार किती चालली, सगळं शिसपेन्सिलीनं, बारीक अक्षरात. पेनाची शाई घामानं फुटते, म्हणून पेन्सिल.

२०१२ च्या उन्हाळ्यात आमचा ट्रान्सफॉर्मर जळाला. आमच्याकडे त्याला डीपी म्हणतात. हा सोसायटीच्या मालकीचा, त्यामुळे दुरुस्तीही आमचीच. बाहेरगावच्या एका वर्कशॉपनं आतली जळालेली कॉइल काढून नवी गुंडाळली. आतला लोखंडी गाभा जुनाच ठेवला, फक्त कोपऱ्यातले काही खराब पत्रे बदलले. ते काढलेले पत्रे शहादेवनं जपून घरी आणले. कशाला, तर असू द्या. डीपी परत आल्यावर मी त्याला ऑफिसात बोलावलं आणि टेबलावर हात आपटून सांगितलं, "आता रोज तपासल्याबिगर स्विच टाकायचा न्हाई. परत जळाली तर मी तुला सोडनार न्हाई, सांगून ठिवतो."

"व्हय आप्पा," एवढंच तो म्हणाला.

तपासायची त्याची पद्धत जुनी होती. ट्रॅक्टरची बॅटरी आणायची, हेडलाइटचा बल्ब मध्ये जोडायचा आणि डीपीच्या तिन्ही कॉइलींना एकेक करून लावायचा. बल्ब लागला तर कॉइल शाबूत. पूर्वी हे वर्षातून एकदा, हंगामाच्या सुरुवातीला व्हायचं. आता माझ्या हुकमानं मोटार चालेल त्या प्रत्येक दिवशी व्हायचं होतं.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. धरण मृतसाठ्यात गेलं. शेतीचा उपसा सरकारनं बंद केला, मोटार उभीच राहिली; मग फेब्रुवारीत चार गावच्या पिण्याच्या पाण्यासाठी ती रोज चालू करायला सांगितलं. पाणी इतकं आत गेलं होतं की जॅकवेलपर्यंत, म्हणजे मोटारीच्या विहिरीपर्यंत, चर खणून आणावं लागलं. लाइट दिवसाला सहा तास. त्या सहा तासांत चारही गावच्या टाक्या भरायच्या, आणि लाइनच्या शेवटी जी वस्ती होती तिचा नंबर शेवटी. थोडा जरी वेळ वाया गेला तर त्या वस्तीची टाकी कोरडी.

आणि नेमका तेव्हाच डीओ उडायला लागला. डीओ म्हणजे खांबावरचा फ्यूज. एकदम जादा करंट गेला की आतली तार वितळते, फटाक्यासारखा बार होतो आणि नळी खाली लोंबते. शहादेव सकाळी बॅटरी लावून तपासायचा, बल्ब झकास लागायचा, लाइट आली की तो स्विच ओढायचा, आणि धाड! मग स्विच सोडायचा, शिडी लावायची, नवी तार भरायची, पुन्हा बॅटरी लावून तिन्ही कॉइली तपासायच्या आणि पुन्हा स्विच ओढायचा. कधी दुसऱ्या वेळी टिकायचा, कधी तिसऱ्या. एकेका खेपेला पाऊण तास जायचा. एकदा टिकला की दिवसभर काही नाही.

डीपीत दोष असता तर ती चालू असतानाही कुरकुरली असती. ती तर मजेत चालायची. मग उडतो कावून? याचं उत्तर कुणालाच येईना, आणि उत्तर येत नसलं की माणसं स्वतः एक तयार करतात. शेवटच्या वस्तीवरच्या छबुबाईनं ते भर चौकात बोलून दाखवलं. "टँकरवाल्याचं खातो हा शहादेव. मोटार बंद पडली की टँकर चालतो. एवढं कळत न्हाई का आमाला?"

छबुबाई खोटारडी बाई नाही. दोन कोसांवरून डोक्यावर हंडे आणून तिची मान आखडली होती. तिला कुणावर तरी चिडायचं होतं. आमच्या कमिटीतले बबनराव मात्र ते शांतपणे, विचार करून बोलायला लागले, आणि ते जास्त वाईट. त्यांनी लेखी मागणी केली: शहादेवला काढून टाकण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत घ्यावा. मी तारीख लावली, एप्रिलचा शेवटचा रविवार. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मलाही शहादेवचा थोडा शक आला होता. पंचवीस वर्षांचा माणूस, आणि मला शक आला. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

शहादेव रोज पहाटे पंपहाउसवर जात राहिला. त्यानं तपासणी वाढवली. एकदाऐवजी प्रत्येक कॉइल दोनदा.

त्याची मुलगी सरस्वती तेव्हा औरंगाबादला विद्यापीठात होती. एम.एस्सी. झाली होती आणि पुढं संशोधन करत होती. तिचा विषय मला नीट उच्चारता यायला चार दिवस लागले: हिस्टेरेसिस. सभेच्या सोळा दिवस आधी ती घरी आली, पाठीवर लॅपटॉपची बॅग. गावात पाऊल ठेवताच तिला बापाबद्दल सगळं ऐकायला मिळालं असणार. बापाला ती दादा म्हणते. दुसऱ्या दिवशी ती सोसायटीच्या ऑफिसात आली आणि म्हणाली, "आप्पा, दादाचं लॉगबुक मला बघायचंय."

"त्यात काय बघनार? तारा अन् टायमिंग."

"तेच बघायचंय."

ती पंख्याखाली बसली. लाइट असली तर पंखा फिरायचा, नसली तर ती वहीनंच वारा घ्यायची. मला काही काम नव्हतं. पाणी नसलेल्या सोसायटीच्या चेअरमनला काय काम असतं? मी विचारत गेलो, ती सांगत गेली.

मला जे कळलं ते असं. लोखंडाभोवती तारेतून करंट सोडला की लोखंड चुंबक होतं. करंट वाढवा, चुंबकपणा वाढतो. पण करंट पुन्हा शून्यावर आणला तर चुंबकपणा शून्यावर येत नाही, बराचसा मागं राहतो. तो काढायला उलटा करंट द्यावा लागतो. म्हणजे जायची वाट वेगळी आणि यायची वाट वेगळी. तिनं लॅपटॉपवर त्याचं चित्र दाखवलं, दोन्ही वाटा मिळून एक तिरकं, लांबट पान तयार होत होतं. तिचं संशोधन म्हणजे हे पान कॉम्प्युटरमध्ये हिशेबानं उभं करायचं.

"कॉम्प्युटरात लोखंड कुठून आनलंस?" मी विचारलं.

ती पहिल्यांदा हसली. "लोखंड दादाचंच हाय. डीपीचे ते जुने पत्रे त्यानं मला दिलते. मी त्याची पट्टी कापून लॅबमधी मोजली. आता लोखंडाच्या जागी कॉम्प्युटरात बटनं हायेत, वीस हजार."

प्रत्येक बटणाला दोन आकडे. करंट इतका वाढला की बटण चालू, आणि इतका कमी झाला की बंद. गंमत अशी की हे दोन आकडे एक नसतात. मला हे पटकन समजलं, कारण आमचं गावच तसं आहे. आडात दोन परस, म्हणजे दोन माणूस खोल, पाणी उरलं की राधाकिशनचं घर कुलूप लावून ऊसतोडीला जातं. पण आडात पुन्हा दोन परस पाणी आलं म्हणून ते परत येत नाही. ओढा वाहायला लागला तरच येतं. दुसरं घर एक परसापर्यंत दम धरतं. त्यामुळे आज आडात किती पाणी आहे एवढ्यावरून गावात किती घरं उघडी आहेत हे सांगता येत नाही, आधी काय काय होऊन गेलं ते माहीत पाहिजे. मी हे बोललो तेव्हा सरस्वतीनं माझ्याकडे जरा नव्यानं बघितलं. चेअरमनला डोकं असतं याचं लोकांना नेहमीच नवल वाटतं.

मग तिनं स्वतःचं काम सांगितलं. डीपीचा स्विच ओढला की पहिल्या क्षणी मोठा करंट आत घुसतो. तो किती मोठा, हे दोन गोष्टींवर: स्विच नेमका कोणत्या क्षणी बसला, आणि गाभ्यात आधीचा चुंबकपणा किती उरलेला आहे. तिनं कॉम्प्युटरात तोच गाभा उभा केला होता आणि त्यावर हजार वेळा स्विच ओढून बघितला होता, हजार वेगवेगळ्या क्षणी. उत्तर आलं, शंभरात सहा वेळा डीओ उडेल.

लॉगबुक काय म्हणत होतं? पंच्याण्णव वेळा स्विच, त्रेचाळीस वेळा डीओ.

"म्हंजे तुझं मॉडेल चुकलं," मी म्हणालो.

"न्हाईतर दादा चुकला," ती हळू म्हणाली, आणि उठून घरी गेली. ती काय म्हणाली हे माझ्या नंतर ध्यानात आलं. तिच्याही मनात तोच शक येऊन गेला होता. पोटच्या पोरीच्या.

पुढचे तीन दिवस तिनं मॉडेल उसवलं आणि शिवलं. आकडे बदलले, बटणं वाढवली. उत्तर सहाचं सात झालं, पुढं सरकेना. चौथ्या दिवशी सकाळी ती बापाबरोबर पंपहाउसवर गेली. त्याला मदत करावी म्हणून नव्हे; नीट बघावं, तो खरंच काय करतो. मीही होतो. शहादेवनं नेहमीप्रमाणे बॅटरी मांडली, बल्ब जोडला, पहिल्या कॉइलला लावला. बल्ब लागला. त्यानं मनातल्या मनात दहा मोजले. दुसरी कॉइल, तिसरी कॉइल. पुन्हा पहिल्यापासून. सरस्वती खाली सावलीत बसून बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"रोज करतोस हे, दादा?"

"रोज. तार बदलली की परत." बापाच्या आवाजात अभिमान होता. "एक बी दिवस चुकिवला न्हाई."

त्या दिवशी डीओ दोनदा उडाला.

दुपारी ती ऑफिसात आली आणि लॅपटॉप उघडण्याआधीच बोलायला लागली. तिनं मॉडेलमध्ये सुरुवात कोऱ्या पाटीपासून धरली होती. स्विच ओढायच्या आधी गाभ्यात काही नाही, शून्य. पुस्तकात तसंच धरतात. पण शहादेवच्या डीपीची पाटी कोरी नव्हती. बॅटरीचा करंट एकाच दिशेनं जातो. हेडलाइट पेटवणारा करंट गाभ्याला भरपूर होतो. बल्ब काढला तरी गाभा चुंबक होऊन बसतो. त्यावर स्विच पडला की कधी उरलेल्या चुंबकपणाची आणि येणाऱ्या लाइटची दिशा जुळते आणि करंट उसळतो. मग डीओ उडतो. मग शहादेव जास्त काळजीनं तपासतो, म्हणजे पुन्हा बॅटरी.

तिनं बॅटरी मॉडेलमध्ये घातली आणि हजार वेळा स्विच ओढला. शंभरात पंचेचाळीस.

लॉगबुकात आणखी एक पान होतं. मार्चमध्ये चार दिवस बॅटरी चार्जिंगला गेली होती. त्या चारही दिवशी शहादेवनं लिहिलं होतं, "तपासणी न करता चालू केले. क्षमा असावी." चारही दिवस डीओ उडाला नव्हता. मला ते दिवस चांगले आठवत होते. मी त्याला बॅटरीवरून झापलं होतं, तो उपाशीपोटी डीपीसमोर बसून होता, आणि डीओ टिकला तेव्हा आम्ही दोघांनी देवाला हात जोडले होते. उत्तर समोर पडलं होतं आणि आम्ही नमस्कार करत बसलो.

"चार दिवस म्हंजे लई न्हाई," सरस्वती म्हणाली. "पन जुळतंय."

मग ती रडायला लागली. आवाज न करता, ओढणीनं नाक पुसत. "त्याला कसं सांगू, आप्पा? त्यानं चोरी केली असं लोक म्हनतेत, ते त्यानं सोसलं. पन त्याच्या तपासन्यानंच पानी गेलं, हे त्याला सोसनार न्हाई."

मी गप्प बसायला हवं होतं, पण मी चेअरमन आहे, मला तोडगा सुचतोच. मी म्हणालो, "सांगायचंच कशाला? बॅटरी लावू नको म्हनावं. सभेत आपन सांगू, वर्कशॉपवाल्यानं कॉइल नीट गुंडाळली न्हाई, आता दुरुस्त झालं. ते सभेला थोडेच येनार हायेत? शहादेव सुटला, तुमी सुटले, डीपी सुटली." मीही सुटलो, हे मी बोललो नाही. रोज तपास म्हणून टेबलावर हात आपटणारा मीच होतो. ते शहादेवला माहीत होतं, ताराबाईला माहीत होतं, आणि समोर बसलेल्या पोरीलाही.

"आप्पा, मॉडेलमधी वर्कशॉप कुठंच न्हाई," ती म्हणाली.

दोन दिवस ती घरात धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पंपहाउसच्या ओट्यावर तिनं बापाला सगळं सांगितलं. मला मुद्दाम बोलावलं होतं, बहुतेक बाप कोसळला तर धरायला कुणी असावं म्हणून. तिनं ते तिरकं पान दाखवलं, बटणं दाखवली, बॅटरी घातल्यावर काय होतं ते दाखवलं. शहादेव चष्मा लावून ऐकत होता. तिचं संपल्यावर त्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"त्रेचाळीसच्या त्रेचाळीस?"

"न्हाई दादा. पाच-सहा तशे बी उडाले असते."

"मग सदतीस माझे."

"दादा..."

"सदतीस हायेत. हिशेब हिशेब हाय." तो उठून डीपीभोवती एक फेरी मारून आला. मग त्यानं विचारलं, "लोखंडात जे राह्यलंय ते काढता येतं का?"

इथं मी सरस्वतीला मानलं. बॅटरी लावूच नको, हे सर्वांत सोपं उत्तर होतं. मॉडेलचंही तेच उत्तर होतं. पण ती शहादेवची मुलगी होती. न तपासता स्विच ओढायला सांगणं म्हणजे या माणसाला आंधळ्यासारखं चालायला सांगणं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं दोन दिवस न जेवता दुसराच हिशेब करून ठेवला होता. तपासणी करायची, पण तिथं थांबायचं नाही. त्यानंतर बॅटरीच्या वायरी उलट करायच्या. पुन्हा सुलट, पुन्हा उलट, आणि दर वेळी बल्ब लहान. आधी हेडलाइटचा, मग इंडिकेटरचा, मग नंबरप्लेटचा, शेवटी मीटरमधला तो मिणमिणता. बल्ब लहान तसा करंट लहान. कॉम्प्युटरवर तिनं ते चालवून दाखवलं. ते पान आतल्या आत आवळत आवळत मध्यावर एक ठिपका होऊन थांबलं.

शहादेवनं ते तीनदा चालवायला लावलं. मग उठला आणि गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांकडून बल्ब गोळा करून आणले. प्रत्येक बल्ब बॅटरीला लावून आधी तपासला, अर्थातच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळं तिच्या सांगण्याप्रमाणे केलं. अर्धा तास लागला. लाइट आली. त्यानं हात कपाळाला लावला आणि स्विच ओढला. डीपी हूं करून घुमली. आम्ही तिघं वर बघत उभे. डीओ जागच्या जागी. त्या दिवशी शेवटच्या वस्तीची टाकी भरून वाहिली. दुसऱ्या दिवशीही टिकला. तिसऱ्याही. सभेच्या दिवसापर्यंत सलग सात दिवस एकही तार गेली नाही.

मी निर्धास्त झालो. सभेआधी शहादेवला बाजूला घेऊन म्हणालो, "आता पानी येतंय, लोक खूश हायेत. कुनी विचारलं तर वर्कशॉपचं नाव घे. त्याचं काय बिघडतंय?"

"आप्पा, त्या मानसानं काम लई चांगलं केलंय," तो म्हणाला. "त्रेचाळीस झटके खाल्ले तरी कॉइल जळाली न्हाई. त्याचं नाव कसं घिऊ?"

मी रजिस्टर काखेत मारलं आणि पाराकडे निघालो.

सभा मारुतीच्या पारावर भरली. बासष्ट सभासद हजर. छबुबाई पुढंच बसली होती, तिच्या नावावर पाऊण एकर आहे. बबनरावांनी ठराव वाचून दाखवला. मी शहादेवला म्हणालो, तुझं म्हणणं मांड. माझी अपेक्षा होती की तो नेहमीसारखं दोन शब्दांत उरकेल.

तो उभा राहिला, हातात लॉगबुक. "डीओ त्रेचाळीस डाव उडाला," तो म्हणाला. "त्यातले सदतीस माझ्या हातानं उडाले. मी बॅटरी लावून तपासायचो, त्यानं गाभा चुंबक व्हायचा, आन् त्यानं उडायचा. माझ्या पोरीनं शोधून काढलं. टँकरवाल्याचा मी च्यासुद्धा पेलो न्हाई. पन पानी माझ्याच हातानं गेलं. सदतीस डाव, पाऊन-पाऊन तास. शेवटच्या वस्तीला एकवीस दिवस पानी मिळालं न्हाई. ते दिवस ह्यात लिवलेत."

बबनरावांनी विचारलं, "पन एवढं रोज तपासायला तुला सांगितलं कुनी?"

सरस्वती पाराच्या कडेला उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरचं पान उलटलं. त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

शहादेव म्हणाला, "माझी सवय हाय ती. समद्या गावाला ठावं हाय."

दोघं-चौघं हसले, कारण ते खरंच होतं. छबुबाईनं डोळ्याला पदर लावला. बबनराव माझ्याकडे वळून म्हणाले, ठराव मागं घेतला तरी चालेल. पण शहादेव खाली बसेना. "मांडलाय तर मताला टाका," तो म्हणाला. मग मी नियमाप्रमाणे विचारलं, वायरमनला कामावरून काढण्याच्या बाजूनं कोण कोण आहे त्यांनी हात वर करावेत.

पारावर एकच हात वर गेला, आणि तो शहादेवचा होता.

"खाली घे बे!" मी ओरडलो. राग कुणाचा होता ते मला तेव्हाही कळत होतं.

"मी सभासद हाय, आप्पा," तो म्हणाला. "गिनती करा."

मी मोजलं. चेअरमनला मत असतं ते फक्त दोन्ही बाजू समसमान झाल्या तर. म्हणजे माझ्याशिवाय एकसष्ट. बाजूनं एक, विरुद्ध साठ, ठराव नामंजूर. शहादेव पुढची सात वर्षं वायरमन राहिला आणि डीओ वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळीच उडाला. पण त्या दिवशी पारावर त्याच्या हाताशेजारी, रोज तपास म्हणून मीच सांगितलं होतं हे कबूल करणारा, दुसरा हात माझा असायला हवा होता. चेअरमनला मत नसतं या नियमाचा मला तेव्हा आधार वाटला, आणि त्याची लाज मला आजही वाटते.